डिस्चार्ज कार्डवरचं ‘अपगार’ म्हणजे कोण?

ताईच्या बाळाच्या डिस्चार्ज कार्डवर ‘अपगार ४/८’ असं लिहिलं होतं. मला वाटलं, कुठल्यातरी मशीनचं रीडिंग असेल. सर्च केलं तर निघाल्या एक डॉक्टरबाई! ७ जून २०१८ ला गुगलच्या डूडलवर त्या होत्या, तुम्ही पाहिल्याही असतील.

व्हर्जिनिया अपगार. जन्म १९०९, अमेरिकेतलं न्यू जर्सी. सर्जन व्हायचं होतं, पण कोलंबिया विद्यापीठातल्या वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. १९४९ मध्ये त्याच मेडिकल कॉलेजात त्या पहिल्या महिला प्रोफेसर झाल्या.

बाळंतपणात भूल देताना त्यांना एक गोष्ट खटकायची. बाळ बाहेर आलं की सगळ्यांचं लक्ष आईकडे. निळं पडलेलं, श्वास न घेणारं बाळ बऱ्याचदा गेलंच असं धरून बाजूला ठेवलं जायचं. एकदा कँटीनमध्ये एका विद्यार्थ्याने विचारलं, की नवजात बाळ तपासायचं कसं? बाईंनी हाताला लागलेल्या कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या, असं सांगतात: हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, डिवचल्यावरचा प्रतिसाद आणि रंग. प्रत्येकीला ०, १ किंवा २ मार्क. १९५३ मध्ये ही पद्धत छापून आली.

मला यातलं भारी काय वाटलं, तर मशीनच नाही. स्टेथोस्कोप, घड्याळ आणि डोळे. लाइट गेलेल्या लेबर रूममध्येही चालतं. आणि मार्क लिहायचे म्हटल्यावर बाळाकडे बघावंच लागतं!

एक गैरसमज मात्र नको. बाळ श्वास घेत नसेल तर आता कोणी मार्कांसाठी थांबत नाही. पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने हवा देतात. हाताने दाबायची बॅग, तिलाही वीज लागत नाही. कार्डवरचे दोन आकडे पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचे.

बाई वल्लीच होत्या. पर्समध्ये श्वासनलिकेत घालायची नळी घेऊन फिरायच्या, रस्त्यात कोणाला लागली तर. व्हायोलिनसारखी वाद्यं स्वतः बनवायच्या. त्यासाठी हॉस्पिटलच्या फोन बूथमधली लाकडी फळी रात्री गुपचूप काढून तिथे दुसरी बसवली होती म्हणे! १९७४ मध्ये त्या गेल्या.

मग मी हॉस्पिटलच्या सिस्टरना विचारलं. ४ चे ८ होईपर्यंत त्याच बॅग दाबत होत्या. ताईला हे कोणी सांगितलंच नव्हतं.