रिकिदोझान : काळ्या विजारीतला मल्ल

२२ डिसेंबर १९५४ रोजी तोक्योच्या कुरामाए कोकुगिकान या सुमो सभागृहात झालेल्या एका लढतीची चित्रफीत आजही पाहायला मिळते. चित्र कृष्णधवल आहे आणि जरा धूसर. सुरुवातीची मिनिटे तशी संथ जातात. दोन मल्ल एकमेकांना धरतात, उचलतात, आपटतात, पुन्हा उभे राहतात. तालमीची सवय असलेल्या डोळ्याला यात संगनमताचा वास सहज येईल. मग एका क्षणी काळ्या लांब विजारीतल्या मल्लाची देहबोली पालटते. उघड्या तळहाताचे फटके समोरच्याच्या मानेवर आणि तोंडावर बसू लागतात. त्यांत आता अंतर राखलेले नसते. समोरचा दोरांकडे ढकलला जातो, खाली बसतो, त्याच्या डोक्यावर लाथ पडते, आणि तो तसाच पालथा राहतो. त्याच्या तोंडाखाली कापडावर डाग पसरत जातो. सोळा मिनिटेही पुरी झालेली नसतात.

खाली पडलेला तो मल्ल मासाहिको किमुरा होता, जपानने पाहिलेल्या सर्वश्रेष्ठ ज्युदोपटूंपैकी एक. उभा होता तो रिकिदोझान. नऊ वर्षांनंतर, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो गेला तेव्हा युद्धोत्तर जपानचा सर्वांत लाडका वीर म्हणून त्याला निरोप दिला गेला. तो जन्माने जपानी नव्हता, ही गोष्ट त्या शोक करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हती.

त्याचे मूळ नाव किम सिन-राक. जन्म १९२४ चा, आज उत्तर कोरियात असलेल्या हामग्योंग प्रांतातला. कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली होता. तिथल्या सिरुम या पारंपरिक कुस्तीत हा मुलगा चमकला आणि मोमोता आडनावाच्या एका जपानी गृहस्थाच्या नजरेत भरला. १९४० मध्ये तो तोक्योला निशोनोसेकी या सुमो आखाड्यात दाखल झाला. रिकिदोझान हे नाव त्याला तिथे मिळाले. पुढे नागासाकी प्रांतातील ओमुरा येथील मोमोता घराण्याचा मुलगा म्हणून त्याची ओळख रूढ झाली आणि कागदोपत्रीही तो मोमोता मित्सुहिरो झाला. सुमो हा जपानी संस्कृतीचा गाभारा. तिथे वसाहतीतला मल्ल शिरू शकत होता, पण वसाहतीतला म्हणून मोठा होणे अवघडच होते.

युद्धानंतर तो सुमोच्या वरच्या श्रेणीत पोहोचला. १९४९ मध्ये सेकिवाके हे तिसऱ्या क्रमांकाचे पद त्याने मिळवले. त्याच सुमारास फुप्फुसातील कृमींच्या विकाराने त्याला घेरले. हा विकार कच्चे खेकडे खाण्यातून होतो. आजारपण आणि पैशावरून आखाड्याच्या वस्तादाशी झालेले वाद यांचा शेवट सप्टेंबर १९५० मध्ये झाला. एके रात्री त्याने सुरी घेऊन आपली शेंडी स्वतःच कापून टाकली. निवृत्त होणाऱ्या सुमो मल्लाची शेंडी समारंभाने, अनेकांच्या हातून, कात्रीचा एकेक स्पर्श देत उतरवली जाते. हा माणूस तो मान न घेताच बाहेर पडला.

वर्षभर त्याने एका बांधकाम कंपनीत काम केले. १९५१ मध्ये बॉबी ब्रन्स हा अमेरिकी मल्ल काही सहकाऱ्यांना घेऊन जपानला आला. त्याच्याकडून रिकिदोझान व्यावसायिक कुस्तीचे धडे शिकला, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत हवाईला गेला. तिथे ओकी शिकिना या प्रशिक्षकाने त्याच्याकडून कसून मेहनत करून घेतली. सुमोतील उघड्या हाताच्या फटक्याला धार देऊन पुढे जो कराटे चॉप म्हणून गाजला, तो याच काळात घडला. अमेरिकेत वर्षभर लढून १९५३ मध्ये तो परतला, तेव्हा त्याच्याजवळ दोन गोष्टी होत्या: हा फटका आणि धंद्याची समज.

ही समज नेमकी कशाची होती? अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे तिला नुरा कुस्ती म्हणतात आणि नाक मुरडतात. कोल्हापूर-बेळगावच्या लाल मातीत चितपट कुस्त्या पाहिलेल्या माणसाने नाक मुरडावे हे स्वाभाविकच. पण निकाल ठरलेला असला तरी दहा फुटांवरून पाठीवर आदळणारे शरीर खरेच असते आणि रक्तही बहुधा खरे असते. त्या धंद्यात बोटाच्या पट्टीत दडवलेल्या पात्याच्या तुकड्याने कपाळावर बारीक चीर पाडून घेण्याची रीत होती. कपाळाची कातडी पातळ, तिथे रक्तवाहिन्या पुष्कळ, त्यात घाम मिसळतो. लहानशी चीर सारा चेहरा माखून टाकते. मग तो रक्तबंबाळ मल्ल उठतो आणि बाजी उलटवतो. पाहणाऱ्याला ही उलटलेली बाजी हवी असते, आणि तिच्यासाठी आधी मार खाणे भाग असते. रिकिदोझानला हे पक्के कळले होते. १९५२ पर्यंत अमेरिकी लष्कराच्या ताब्यात राहिलेल्या देशात तो मार कोणाच्या हातून खायचा, हेही त्याला कळले होते.

नेमका त्याच वेळी जपानात दूरचित्रवाणी आली. फेब्रुवारी १९५३ मध्ये एनएचके या सार्वजनिक वाहिनीचे प्रसारण सुरू झाले तेव्हा देशभरात नोंदलेले ग्राहक होते अवघे ८६६. ऑगस्टमध्ये मात्सुतारो शोरिकी यांची निप्पॉन टेलिव्हिजन ही खासगी वाहिनी आली. संच सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचा होता. शोरिकींनी त्यावर उपाय काढला: स्थानकांबाहेर, चौकांत, उद्यानांत उंच मांडवांवर संच बसवले. किती घरांत संच आहेत यापेक्षा किती डोळे पडद्याकडे आहेत, हे जाहिरातदारांना दाखवायचे होते. त्यासाठी असे काहीतरी हवे होते, जे पाहायला लोक थंडीत रस्त्यावर उभे राहतील.

ते १९ फेब्रुवारी १९५४ रोजी सापडले. रिकिदोझान आणि किमुरा ही जोडी बेन आणि माइक शार्प या बंधूंशी लढली. शार्प बंधू खरे तर कॅनडाचे, पण जपानी प्रेक्षकांच्या लेखी ते धिप्पाड गोरे अमेरिकी होते आणि तेवढे पुरेसे होते. शिंबाशी स्थानकाबाहेर सुमारे वीस हजारांची गर्दी जमली असे सांगितले जाते. ठरलेला क्रम असा: किमुरा आत जायचा, गोऱ्यांच्या हातून कुटून निघायचा, हात लांब करून जोडीदाराला शिवायचा, मग रिकिदोझान उसळून आत यायचा आणि फटक्यांचा वर्षाव करायचा. पराभूत देशाने दोन गोऱ्या देहांना आडवे होताना उघड्या चौकात पाहिले. त्या हर्षात किमुराच्या वाट्याला काय आले, याचा विचार तेव्हा फारसा कोणी केला नाही.

किमुराने तो केला होता. ज्या माणसाने १९५१ मध्ये रिओच्या माराकाना मैदानात एलिओ ग्रेसीचा हात पिरगाळून मोडला होता, तो येथे दररोज ठरवून मार खात होता. वर्ष संपत आले तेव्हा त्याने वृत्तपत्रातून सांगून टाकले की रिकिदोझानची कुस्ती हा तमाशा आहे, खऱ्या लढतीत आपण हरणार नाही. त्यातून डिसेंबरची ती लढत ठरली. किमुराने पुढे आयुष्यभर सांगितले, की ही लढतही बरोबरीत सोडवायचे दोघांत ठरले होते. आपल्या बाजूचा तसा कागद त्याने लिहूनही दिला होता. रिकिदोझानची बाजू अशी, की किमुराने जांघेत लाथ मारली आणि आपला तोल सुटला. चित्रफितीत तशी एक हलकी लाथ दिसते खरी. पण तिच्यानंतर जे घडते, ते एवढ्या कारणात मावत नाही. मला वाटते, बरोबरी हीच रिकिदोझानला परवडणारी नव्हती. किमुरा बरोबरीचा ठरला असता तर त्याचे म्हणणेही अर्धे खरे ठरले असते.

आखाड्यालगत किमुराचा मित्र मासुतात्सु ओयामा बसला होता. आपल्याकडच्या कराटे वर्गांत ज्यांच्या क्योकुशिन पंथाचे नाव घेतले जाते, तेच हे ओयामा. ते तिथल्या तिथे रिकिदोझानला आव्हान द्यायला उठले, असे सांगितले जाते. ओयामाही जन्माने कोरियन होते. जपानी शौर्याचा मानकरी कोण हे ठरवणाऱ्या त्या रात्री दोरांच्या आतबाहेर कोरियात जन्मलेले दोन पुरुष होते, आणि पडलेला तेवढा जपानी होता. प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना याची कल्पना असावी.

किमुरा त्या पराभवातून कधीच सावरला नाही. त्याचे चाहते आजही या चित्रफितीवरून भांडतात. रिकिदोझानचा मार्ग मात्र मोकळा झाला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९५५ मध्ये, त्याने आशियाई अजिंक्यपदासाठी किंग काँगला हरवले. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारा सिंगशी झालेल्या दंगलींमुळे आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ असलेला किंग काँग तो हाच. त्याच्याबरोबर टायगर जोगिंदर सिंगही जपानात होता. ऑक्टोबर १९५७ मध्ये विश्वविजेता लू थेझ तोक्योला आला. साठ मिनिटांची ती लढत बरोबरीत सुटली आणि एका पाहणीनुसार तिला ८७ टक्के प्रेक्षक लाभले. (हाच थेझ १९६८ मध्ये मुंबईत दारा सिंगकडून हरला.) १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन रिकिदोझानने थेझकडून आंतरराष्ट्रीय किताब आणला.

आता शुक्रवारी रात्री आठ वाजता मित्सुबिशी कंपनीच्या प्रायोजनाने कुस्ती लागू लागली, एका आठवड्याआड. मधल्या शुक्रवारी डिस्नेची चित्रे. दोन लढतींच्या मध्ये आखाड्यावर कंपनीचा निर्वात झाडू फिरवला जाई. रक्त सांडायचे, मग ते ज्या कापडावर सांडले ते जाहिरातीतल्या यंत्राने स्वच्छ करायचे. याहून चोख प्रायोजकत्व मी तरी ऐकलेले नाही.

पण रक्ताचे काम वाढत गेले. मुले शाळेत एकमेकांवर डाव करून पाहू लागली, जखमी होऊ लागली, पालक आणि वृत्तपत्रे तक्रार करू लागली. एप्रिल १९६२ मध्ये फ्रेडी ब्लासी आला. हा अमेरिकी मल्ल कॅमेऱ्यासमोर कानशीने दात घासून दाखवी आणि प्रतिस्पर्ध्याच्या कपाळाचा चावा घेई. कोबे येथील लढतीत त्याने ग्रेट तोगो या मल्लाचे कपाळ असे फोडले, की तोंड ओळखू येईना. प्रक्षेपण थेट होते. कॅमेरा जवळ गेला आणि तिथेच थांबला. ते दृश्य पाहून देशात काही वृद्ध प्रेक्षक धक्क्याने दगावल्याच्या बातम्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छापून आल्या. हृदय आधीच दुबळे होते की दृश्यच तसे होते, हे कोण ठरवणार? वाद मात्र पेटला. दिवाणखान्यात बसलेल्या म्हातारीला रक्त किती जवळून दाखवावे, हा प्रश्न जपानी वाहिन्यांपुढे त्या एप्रिलमध्ये उभा राहिला. कुस्ती चालूच राहिली. मे १९६३ मध्ये मुखवटाधारी डिस्ट्रॉयरशी झालेल्या लढतीला ६४ टक्के प्रेक्षक होते. शेवटी दोघांचे पाय एकमेकांत असे अडकले, की पंचांना लढत थांबवावी लागली.

तोवर रिकिदोझान हा एक मोठा उद्योग झाला होता. शिबुयात त्याच्या मालकीचे रिकी स्पोर्ट्स पॅलेस, आकासाकात सदनिकांची इमारत. सत्ताधारी पक्षाचे बडे नेते त्याच्या संघटनेच्या पदांवर, आणि टोळ्यांचे म्होरके तिच्या मागे. तो पिऊन हिंस्र होई, शिष्यांना बेदम मारी. शिष्य मात्र अचूक हेरी. बेसबॉल सोडलेला उंच शोहेई बाबा, ब्राझीलच्या साओ पाउलोत सापडलेला कांजी इनोकी, आणि कोरियातून चोरून जहाजाने आलेला किम इल. पकडल्या गेलेल्या किम इलला सोडवायला रिकिदोझान स्वतः जामीन राहिला. आपल्या भाषेत त्याच्याशी तो किती बोलला असेल, कोण जाणे. जानेवारी १९६३ मध्ये तो दक्षिण कोरियाला जाऊन आला. त्याच्या मूळच्या मातीविषयी एका जपानी वृत्तपत्राने लिहिले, तेव्हा तो संतापला. उत्तर कोरियात पहिल्या विवाहाची त्याची मुलगी होती. तिकडे जाणे शक्य नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने विमानसेविका असलेल्या केइको तनाका हिच्याशी थाटात विवाह केला.

८ डिसेंबर १९६३ च्या रात्री आकासाकातील न्यू लॅटिन क्वार्टर या नाइटक्लबच्या स्वच्छतागृहाजवळ, पायावर पाय दिल्याच्या क्षुल्लक कुरबुरीवरून, कात्सुशी मुराता नावाच्या टोळीतल्या तरुणाशी त्याची झटापट झाली. रिकिदोझानने त्याला खाली पाडून मारले. खालून मुराताचा चाकू त्याच्या पोटात गेला. इतकी वर्षे लाखोंच्या साक्षीने रक्त सांडणाऱ्या माणसाची ही जखम कोणीच चित्रित केली नाही. ती दिसायलाही लहान होती. तो लगेच इस्पितळात राहिलाही नाही. शस्त्रक्रिया नंतर झाली. सुरुवातीला प्रकृती सुधारत आहे असे वाटले. मग पोटातील दाह वाढला. १५ डिसेंबरला दुपारी पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि रात्री तो गेला. डॉक्टरांनी मना केलेले असताना त्याने थंड पेये प्यायली, अशी दंतकथा लगेच पसरली. पुढे काही वैद्यकीय जाणकारांनी भूल देतानाच्या चुकीकडे बोट दाखवले.

तोक्योच्या इकेगामी होनमोनजी मंदिराच्या आवारात त्याची समाधी आहे, आणि शेजारी हाताची घडी घातलेला अर्धपुतळा. १९७२ मध्ये बाबा आणि इनोकी यांनी आपापल्या स्वतंत्र संघटना काढल्या आणि जपानी कुस्ती दोघांत वाटली गेली. एप्रिल १९९५ मध्ये इनोकीने प्योंगयांगच्या मे डे स्टेडियममध्ये दोन दिवसांची कुस्ती भरवली आणि रिक फ्लेअरशी तो स्वतः लढला. रिकिदोझानचा शिष्य म्हणूनच तिथे त्याचे स्वागत झाले. गच्च भरलेल्या त्या मैदानातल्या बहुतेकांनी व्यावसायिक कुस्ती त्याआधी पाहिलेली नव्हती. रिकिदोझानचे नाव मात्र त्यांना माहीत होते, आणि तो आपल्या गावाकडचा होता हेही.