गाण्याने सावरलेला मुलगा

कराडहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलं की वाटेत किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. त्याच्या जवळच पलूस गाव आहे. या गावावरूनच एका घराण्याला पलुस्कर हे नाव पडलं. मूळचे ते गाडगीळ.

याच घराण्यात १८७२ साली कुरुंदवाडला विष्णु दिगंबर यांचा जन्म झाला. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले. लिहिणं-वाचणं अवघड झालं. तेव्हा त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणं शिकायला ठेवलं. पुढे ते फार मोठे गवई झाले. सर्वांना गाणं शिकता यावं म्हणून १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं.

त्यांच्या घरात मात्र दुःख फार होतं. एकामागून एक मुलं लहानपणीच गेली. राहिला एकटा दत्तात्रेय. त्याचा जन्म १९२१ सालचा. सगळे त्याला बापू म्हणत. बापू दहा वर्षांचा असताना, १९३१ च्या ऑगस्ट महिन्यात, वडील मिरजेला वारले. दहा वर्षं म्हणजे आपल्या पाचवीतल्या मुलाएवढंच वय! भावंडं नाहीत, आणि आता वडीलही नाहीत.

पण वडिलांनी शिकवून तयार केलेले शिष्य होते. मिरजेचे विनायकबुवा पटवर्धन आणि कोल्हापूरचे नारायणराव व्यास यांनी बापूला शिकवलं. विनायकबुवांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तिथे बापू वाढला. वडील गेले, पण त्यांचं गाणं रोज कानांवर पडत होतं. तोच त्या पोरक्या मुलाचा मोठा आधार झाला. रडत बसण्याऐवजी तो तंबोऱ्याजवळ बसला.

१९३५ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, तो पंजाबात जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायला. पुढे दत्तात्रेय विष्णु पलुस्कर हे नाव देशभर झालं. रेडिओवर आणि रेकॉर्डवर लोक त्यांचं गाणं ऐकू लागले. तुळशीदास आणि मीराबाई यांची भजनं त्यांनी घरोघरी पोचवली. १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासोबत त्यांनी गायलेली जुगलबंदी खूप गाजली.

१९५५ च्या ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या सुमारास, मेंदूच्या आजाराने ते गेले. वय फक्त चौतीस. पण त्यांच्या रेकॉर्ड आजही ऐकायला मिळतात.

मित्रांनो, वडिलांचे डोळे गेले, मुलाचे वडील गेले. दोघांनाही गाण्यानेच हात दिला. आपल्याही वर्गात कुणाच्या घरी असं दुःख असेल. त्याला आपण एकटं सोडू नये. त्याला गाऊ द्यावं, चित्र काढू द्यावं, आणि आपण जवळ बसावं. पालकांनीही, अभ्यास सोडून हे काय, असं म्हणून त्याला रागावू नये.