प्राणहितेकाठचा वीर : बाबुराव शेडमाके

देवळी तालुक्यात पुलगावापाशी वाहणारी वर्धा नदी पुढे वैनगंगेला मिळते आणि तेथून तिचे नाव प्राणहिता होते. त्या प्राणहितेच्या काठी अहेरी आहे. एकाच पाण्याने जोडलेला हा मुलूख असूनही १८५७ म्हटले की आपल्याला झाशी, कानपूर आणि दिल्ली तेवढी आठवते. अहेरीच्या रानात पंचविशीतल्या एका गोंड जमीनदाराने केलेला उठाव आपल्या स्मरणात क्वचितच असतो, म्हणून आज त्याची ओळख करून देत आहोत.

बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी अहेरी भागातील किष्टापूर येथे झाला. घराणे मोलमपल्लीच्या जमीनदारांचे. बालपणी गोटुलाचे संस्कार आणि पुढे रायपूरला शिक्षण असे दोन्ही त्यांना लाभले. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये भोसल्यांकडे गेले होते. नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले, तेव्हा देवळीपासून अहेरीपर्यंतचा सारा प्रदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. ज्या जंगलावर गावाचा पिढीजात हक्क, त्याचा हिशेब आता दूर बसलेले परके अधिकारी मागू लागले.

बाबुरावांनी सुमारे ५०० तरुण जमवून ‘जंगोम दल’ उभारले. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगण्यावर चढाई केली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. गोंडांबरोबर रोहिलेही या सैन्यात होते, ही गोष्ट आम्हांस विशेष लक्षणीय वाटते. धर्म वा जात पाहून ही फौज उभी राहिली नव्हती. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने पाठवलेल्या फौजेशी नांदगाव-घोसरी येथे त्यांची लढाई झाली. त्यानंतरही चकमकी होत राहिल्या.

२९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारायंत्राच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे त्यात मारले गेले. ते सैनिक नव्हते, तारखात्याचे नोकर होते. वीरचरित्रे लिहिताना हा प्रसंग केवळ विजय म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. आम्ही तसे करू शकत नाही. अन्यायाविरुद्ध उठलेल्या हातूनही रक्त सांडते, आणि त्या रक्ताचाही हिशेब देवापुढे असतो. मात्र तारेच्या खांबांमागून परकी सत्ता रानात शिरत होती, हे बाबुरावांनी अचूक ओळखले होते.

रणात ते हाती लागले नाहीत. अखेर क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. १८ सप्टेंबर १८५८ रोजी त्यांच्याच मदतीने बाबुराव पकडले गेले. परक्यांना जे जमले नाही ते स्वकीयांच्या हातून झाले. शुभवर्तमान वाचणाऱ्यांना ही व्यथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून अडपल्ली आणि घोट जमीनदाऱ्यांतील ६७ गावे मिळाली. व्यंकटराव बस्तरला निसटले, पण तेथील राजाने १८६० मध्ये त्यांना पकडून दिले आणि त्यांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. बाबुरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. फाशीचा दोर तुटल्याच्या कथा लोक अजून सांगतात.

पुढे १८७० च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली आणि तो कोळसा वाहण्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग गेला. जमिनीवरच्या सत्तेपाठोपाठ जमिनीखालच्या धनाचा शोध येतो, असा हा क्रम आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि तेथील आदिवासी बाबुरावांची आठवणही या डोंगराशी जोडतात. तेथे लोहखनिजासाठी सुमारे ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ मध्ये देण्यात आला. ग्रामसभांनी विरोध केला. नक्षलवाद्यांनी २०१६ मध्ये तेथे वाहने जाळली, आणि बंदुकीशी काही संबंध नसलेल्या गावकऱ्यांचा आवाज त्या धुरात अधिकच झाकला गेला. २०२१ पासून उत्खनन पुन्हा जोमाने सुरू झाले. रोजगार मिळालेली घरेही तेथे आहेत, हे नमूद केलेच पाहिजे.

प्रशांत महासागरातील बूगनव्हिल बेटाची कहाणी याहून फार निराळी नाही. तेथील बहुसंख्य लोक आपलेच कॅथलिक बंधुभगिनी आहेत. पांगुना येथे १९७२ मध्ये तांब्याची प्रचंड खाण सुरू झाली, नदी गाळाने भरली आणि नफा बेटाबाहेर गेला. १९८८ मध्ये फ्रान्सिस ओना यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला, १९८९ मध्ये खाण बंद पडली आणि पुढील दशकभराच्या युद्धात हजारो माणसे मेली. २००१ मध्ये शांतता करार झाला. २०१९ च्या सार्वमतात सुमारे ९८ टक्के लोकांनी पापुआ न्यू गिनीपासून स्वातंत्र्याचा कौल दिला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, आदिवासींच्या भूमीवरील मोठ्या प्रकल्पांत त्यांनाच मुख्य संवादक मानावे, असे आवर्जून मांडले आहे. ज्या बाबुरावांना कोणी काही विचारलेच नव्हते, त्यांच्या मुलखातही ते परिपत्रक वाचले जावे, अशी आमची इच्छा आहे.

चंद्रपूरच्या कारागृहात पिंपळाचे एक झाड आहे. तेथेच फाशी दिली गेली असे मानून दर २१ ऑक्टोबरला दूरदूरच्या गावांतून गोंड बांधव अभिवादनासाठी येतात.