विषातून औषध शोधणारा डॉक्टर : सर अलेक्झांडर हॅडो

गव्हात टू-फोर-डी मारणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट माहीत असते. हे तणनाशक म्हणजे झाडाच्या वाढीच्या हार्मोनचीच नक्कल. पण मात्रा जास्त झाली की तेच हार्मोन तणाला वेडंवाकडं करून मारतं. काहीसा असाच प्रकार बायकांच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये दाखवून देणाऱ्या डॉक्टरची ही माहिती.

अलेक्झांडर हॅडो यांचा जन्म 1907 साली स्कॉटलंडमध्ये झाला. एडिनबरोला डॉक्टरकी शिकले, पुढे लंडनच्या रॉयल कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेत गेले. डांबरातली काही रसायनं कॅन्सर करतात, हे तेव्हा माहीत झालं होतं. 1935 साली हॅडोंना उंदरांवर उलटंच दिसलं. तीच रसायनं आधीच असलेल्या गाठीची वाढ रोखत होती! पण असलं विष माणसाला देणार कसं?

मग त्यांची नजर कृत्रिम इस्ट्रोजेनवर गेली. इस्ट्रोजेन म्हणजे बाईच्या अंगातलं हार्मोन. 1938 साली चार्ल्स डॉड्स यांनी स्टिल्बेस्ट्रॉल हे स्वस्त कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केलं होतं. खरं तर इस्ट्रोजेनने उंदरांना स्तनाचा कॅन्सर होतो, हेही माहीत होतं. म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखंच. तरी ज्यांचा आजार फार पुढे गेला होता, ऑपरेशनचाही उपयोग नव्हता, अशा रुग्णांवर त्यांनी सहकाऱ्यांसोबत चाचणी घेतली. महायुद्ध चालूच होतं.

1944 साली निकाल छापून आला. ट्रायफिनाइलक्लोरइथिलीन हे औषध दिलेल्या स्तन-कॅन्सरच्या 22 रुग्णांपैकी 10 जणींच्या गाठी आटल्या. आजार मुळातून गेला नाही, काही काळाने परत वाढायचा. मळमळ, उलट्या असा त्रासही व्हायचा. गुण आला तो मुख्यतः पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या वयस्कर बायकांना. पाळी चालू असणाऱ्यांना याने धोका होता. तरी गोळ्या देऊन कॅन्सरची गाठ कमी होते, हे पक्कं झालं.

1946 ते 1969 हॅडो त्याच संस्थेचे संचालक होते. 1966 ला 'सर' किताब मिळाला. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. 1976 साली ते वारले.

हॅडोंच्या त्या रसायनाच्याच कुळातलं पुढचं औषध म्हणजे टॅमॉक्सिफेन. हे उलट इस्ट्रोजेनची वाट अडवतं. हार्मोनवर वाढणाऱ्या स्तन-कॅन्सरसाठी आजही आपल्याकडे डॉक्टर ही गोळी लिहून देतात.

पण गोळी देणार कधी? गाठ दाखवली तर! आपल्या खेड्यापाड्यात बाया लाजेपायी गाठ महिनोन् महिने लपवतात, दुखत नाही म्हणून सोडून देतात. सुरुवातीची गाठ बऱ्याचदा दुखत नसतेच. तेव्हा मायबहिणींनो, हाताला गाठ लागली तर आशाताईला सांगा, दवाखाना गाठा. हार्मोनची गोळी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.