पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक होत्या. त्यांच्या धर्मांतरावर मराठीत विपुल वाद झाला. मात्र दुष्काळात सर्वस्व गमावलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी या श्रद्धेच्या बळावर जे उभे केले, त्याची चर्चा मानाने कमीच झाली.

बालपण आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. रमाबाईंचे शिक्षण मुख्यतः आईकडेच झाले. कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगून निर्वाह करी. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण असे एकामागोमाग गेले. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, उपाशीपोटी सारा देश पायी तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. विद्वत्तेचा हा गौरव मिळाला खरा, पण व्रतवैकल्ये निष्ठेने करूनही आईवडील भुकेने गेले, हे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिलचर येथे पतीच्या घरी लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली. १८८१ मध्ये कन्या मनोरमा झाली. पुढील वर्षी फेब्रुवारीत पती पटकीने दगावले आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

धर्मांतर आणि परदेशवास

१८८२ मध्ये पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या; वाढत्या बहिरेपणामुळे तो विचार सोडावा लागला. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांना तेथील जोगिणी ममतेने सांभाळीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. अशा स्त्रियांना धर्माने जवळ करावे, ही गोष्ट त्यांना नवी होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र चर्चच्या अधिकाऱ्यांचा प्रत्येक शब्द प्रमाण मानण्यास त्यांनी नकार दिला आणि गुरुस्थानी असलेल्या जोगिणींशीही त्या निर्भयपणे वाद घालीत राहिल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे प्रसिद्ध झालेल्या 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' या पुस्तकामुळे त्यांच्या कार्यास आर्थिक साहाय्य मिळाले.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. पुढे महर्षी कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. रमाबाई प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचे दार बंद करीत नसत आणि मुली तेथे येऊन बसत. यावरून 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असे आधी जाहीर झालेले असल्यामुळे हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. तथापि विधवांना दारे बंद असणाऱ्या घरांपेक्षा हे उघडे दार अधिक धोक्याचे कसे वाटले, हा प्रश्न उरतोच.

दुष्काळ आणि मुक्ती

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील वार्ता ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. मदत केंद्रांवरील निराधार मुलींना फसवून नेले जात असल्याचे त्यांनी पाहिले. त्यांत त्यांना आपलीच वीस-बावीस वर्षांपूर्वीची अवस्था दिसली. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावच्या माळरानावर प्रथम तंबू-झोपड्या आणि मग इमारती उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन.

पाठोपाठ १८९९-१९०० चा, संवत १९५६ मधील म्हणून छप्पनचा म्हटला जाणारा, दुष्काळ आला. मोताळा, मलकापूर, बुलढाणा या भागासह सारा वऱ्हाड त्यात होरपळला. गुजरातमधून त्या वेळी मोठ्या संख्येने मुली केडगावला आल्या आणि रहिवाशांची संख्या सुमारे दीड हजारांवर गेली. त्यांना केवळ अन्न देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलघाणा, दुग्धालय, छपाई ही कामे मुलींनीच शिकून चालविली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्यात आली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हे स्वतंत्र घर होते.

बायबलचे भाषांतर

प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना समजत नाही, म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून मुळावरून सोप्या मराठीत भाषांतर केले. संस्कृतच्या पंडितेने आपल्या लेखनातून संस्कृत शब्द वेचून काढावेत, ही मराठी गद्याच्या इतिहासातील विलक्षण घटना होय. मुळाशी एकनिष्ठ राहण्याच्या आग्रहाने काही वाक्ये अवघडली आहेत, हेही खरे. त्याची छपाई मुक्तीतील स्त्रियांनीच केली.

अखेर

१९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. मुक्तीचा कारभार ज्या मनोरमेकडे सोपवायचा, ती २४ जुलै १९२१ रोजी निवर्तली. तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. ते हातावेगळे करूनच रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांचे तिकीट काढले. मुक्ती मिशनचे काम केडगावात आजही चालू आहे.