राजा बख्त बुलंद शाह

आपल्या सावनेरहून छिंदवाड्याची वाट धरली म्हणजे सौंसर ओलांडल्यावर सातपुड्याची चढण लागते. याच डोंगरांत, खोल दऱ्यांनीं वेढलेल्या टेकडीवर देवगडचा किल्ला आहे. नागपूर वसविणारा म्हणून ज्याचें नांव आम्ही लहानपणापासून ऐकतों, त्या गोंडराजा बख्त बुलंद शाहाची गादी तेथें होती.

देवगडचें राज्य सरहद्दीवरचें. त्याच्या पश्चिमेस मोंगलांचा वऱ्हाड सुभा होता. अशा मुलुखांत किल्ला हाच राजाचा आधार समजला जाई. दूर फ्रान्सांतही हीच रीत होती. इंग्लंडच्या रिचर्ड राजानें नॉर्मंडीच्या सीमेवर सेन नदीकांठीं बांधलेला बळकट किल्ला फ्रान्सच्या फिलिप राजानें 1204 सालीं जिंकला, आणि त्याच वर्षीं तो प्रांत त्याच्या हातीं आला.

देवगडच्या घराण्यांत गादीचा तंटा उत्पन्न झाला, तेव्हां हा राजपुत्र औरंगजेबाकडे गेला. तेथें त्यानें इस्लाम धर्म स्वीकारला. बख्त बुलंद हें नांवही त्यास तेथेंच मिळालें. बादशहाच्या पाठबळानें 1686 च्या सुमारास तो गादीवर बसला. परंतु दुसऱ्यानें दिलेली गादी दुसऱ्याच्या मर्जीवर टिकते. बादशहाशीं बिनसतांच ती गेली. त्यानें बंड पुकारलें व मराठ्यांशीं संधान बांधलें. शतकाच्या अखेरीस मोंगलांनीं देवगड घेऊन त्याचें नांव इस्लामगड ठेविलें.

तरीही राजा खचला नाहीं. त्यानें डोंगराखालच्या सुपीक मैदानाकडे लक्ष दिलें. नाग नदीच्या परिसरांतील बारा लहान वस्त्या एकत्र करून 1702 च्या सुमारास त्यानें नागपूर शहर वसविलें, अशी परंपरा आहे. बाहेरून शेतकरी व कारागीर, हिंदू तसेच मुसलमान, बोलावून त्यानें त्यांस जमिनी दिल्या व उद्योगास लाविलें. त्याचा पुत्र चांद सुलतान यानें शहरास तट बांधून राजधानी तेथें आणिली. पुढें 1743 सालीं सत्ता रघूजी भोसल्यांकडे गेली. शहर मात्र वाढतच राहिलें.

आज देवगडावर पडके वाडे व तळीं उरलीं आहेत, आणि नागपुरांत लाखों लोक पोट भरीत आहेत. दगडी तटापेक्षां वसविलेलीं माणसें अधिक टिकतात, हा या राजाच्या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो. देवगड पाहावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तो मनांत ठेवावा.