५० किलोच्या सामानात तिनं रंग भरले आणि नाझींच्या छावणीत मुलांचा चित्रकलेचा वर्ग सुरू झाला

समजा, तुम्हाला सांगितलं की घर सोडा. परत कधी येणार ते माहीत नाही, येणार की नाही तेही माहीत नाही. सोबत फक्त ५० किलो सामान नेता येईल. तर काय भराल?

गरम कपडे, औषधं, खायचे पदार्थ, घरच्यांचे फोटो. कुणीही हेच भरेल.

डिसेंबर १९४२ मध्ये ही वेळ आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ह्रोनोव नावाच्या छोट्या गावात राहणाऱ्या एका बाईवर आली. ती ज्यू होती आणि तिला नाझींच्या छावणीत जायचं होतं. तिनं त्या ५० किलोमध्ये जमेल तेवढे कागद, रंग आणि चित्रकलेचं सामान भरलं. तिथं मुलं असणार आणि मुलांना चित्रं काढायला काहीतरी लागणार, एवढाच तिचा हिशोब होता.

तिचं नाव फ्रीडल डिकर-ब्रँडाइस.

फ्रीडलचा जन्म ३० जुलै १८९८ चा, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नामधला. ती चार वर्षांची असताना आई गेली. वडील स्टेशनरीच्या दुकानात कामाला होते. घरात पैसा बेताचाच, पण कागद आणि रंग मात्र तिच्या लहानपणापासून ओळखीचे.

आधी ती फोटोग्राफी शिकली, मग कापडावरच्या डिझाइनचं शिक्षण घेतलं. तेव्हा व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक नावाचे एक कलाशिक्षक होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. लहान मुलाचं चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची बिघडलेली नक्कल नव्हे, ती त्या मुलाची स्वतःची कला असते. त्यामुळं त्याच्यापुढं नमुना ठेवून तसंच काढ म्हणून सांगायचं नाही.

आज हे ऐकून विशेष वाटणार नाही. पण शाळेतला चित्रकलेचा तास आठवा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि बाजूला झोपडी. वर्गातल्या सगळ्यांच्या वहीत हेच चित्र का असायचं? कारण फळ्यावर तेच असायचं. चिझेकचा विरोध याच गोष्टीला होता आणि फ्रीडल त्यांच्या वर्गात बसली होती.

दुसरे गुरू म्हणजे योहानेस इटेन. ते चित्र काढायला लावण्याआधी विद्यार्थ्यांना श्वासाचे आणि अंग मोकळं करण्याचे व्यायाम करायला लावायचे. शरीर आखडलेलं असेल तर हातातून रेघही आखडलेलीच येणार, असा त्यांचा विचार. १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमार शहरात बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली. तिनं पुढं जगभरातल्या डिझाइनची दिशा बदलली. इटेन तिथं शिकवायला गेले आणि त्यांच्यामागोमाग फ्रीडलही गेली. १९२३ पर्यंत ती तिथं होती. विणकाम, छपाई, चित्रं, नाटकाचं नेपथ्य, सगळ्यात तिचा हात चालायचा.

व्हिएन्नाला परतल्यावर तिनं फ्रान्झ सिंगर या सहकाऱ्यासोबत डिझाइनचा स्टुडिओ चालवला. घड्या होणारं फर्निचर आणि एकावर एक रचून ठेवता येणाऱ्या खुर्च्या, असं त्यांचं काम. कमी जागेत संसार करणाऱ्या शहरी माणसांना ते सोयीचं होतं. व्हिएन्नातल्या एका मॉन्टेसरी बालवाडीची अंतर्गत रचनाही त्यांनी केली.

थोडक्यात, फ्रीडलचं करिअर नीट चाललं होतं. पण युरोपचं राजकारण बिघडत होतं.

फ्रीडल कम्युनिस्ट होती. राजकीय कामामुळं तिला अटक झाली. सुटल्यावर १९३४ मध्ये तिनं व्हिएन्ना सोडलं आणि ती प्रागला आली. तिथं जर्मनी आणि ऑस्ट्रियातून पळून आलेली बरीच कुटुंबं होती. त्या कुटुंबांतल्या मुलांना ती चित्रकला शिकवू लागली. गाव सुटलेली, भाषा बदललेली, भेदरलेली मुलं. चित्र काढताना ही मुलं हळूहळू मोकळी होतात, हे तिला इथं दिसलं. या कामात तिच्यासोबत एडिथ क्रेमर नावाची तरुण विद्यार्थिनी होती. तिचं नाव लक्षात ठेवा.

१९३६ मध्ये फ्रीडलनं नात्यातल्याच पावेल ब्रँडाइसशी लग्न केलं. १९३८ मध्ये तिला पॅलेस्टाइनला निघून जाण्याची संधी आली. पण व्हिसा तिच्या एकटीचा होता, पावेलचा नव्हता. ती गेली नाही.

मार्च १९३९ मध्ये नाझी प्रागमध्ये घुसले. फ्रीडल आणि पावेल तेव्हा ह्रोनोवला राहत होते. ज्यूंवर एकेक बंदी येत गेली, कामं गेली. आणि डिसेंबर १९४२ मध्ये दोघांना तेरेझीनला पाठवण्यात आलं.

तेरेझीन हे प्रागच्या उत्तरेला साधारण ६० किलोमीटरवर असलेलं जुनं लष्करी किल्ल्याचं गाव. नाझींनी आधीचे रहिवासी बाहेर काढले आणि तिथं ज्यूंना कोंडलं. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार लोक तिथं आणले गेले. त्यातले जवळपास ३३ हजार भूक, रोगराई आणि हालांनी तिथंच मेले. जवळपास ९० हजार जणांना पूर्वेकडं, म्हणजे बहुतेकांना मरणाच्याच दिशेनं, पाठवलं गेलं.

मुलांना बऱ्याचदा आईवडिलांपासून वेगळं, मुलांच्या वसतिगृहांत ठेवलं जायचं. एका खोलीत तीन मजली लाकडी बाकांवर गर्दीनं झोपायचं. शाळेला बंदी होती. गणित, इतिहास हे विषय शिकवायचे तर लपूनछपून, दारात पहारा ठेवून. चित्रकला, हस्तकला आणि गाणी मात्र चालून जायची.

फ्रीडलला तेवढी फट पुरली.

एल-४१० नावाच्या इमारतीत मुलींचं वसतिगृह होतं. फ्रीडल तिथं राहू लागली आणि तिचे वर्ग सुरू झाले. सोबत आणलेलं सामान संपायला कितीसा वेळ लागणार? मग छावणीच्या कचेऱ्यांमधले वापरलेले फॉर्म, पॅकिंगचे कागद, पुठ्ठे, चिंध्या, दोरे, जे मिळेल ते वर्गात येऊ लागलं. मुलं फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्रं काढायची. रंग नसेल तर कागदाचे तुकडे फाडून, चिकटवून कोलाज करायची.

तासाची सुरुवात इटेनच्या पद्धतीनं व्हायची. हात मोकळे सोडा, तालात रेघा ओढा. कधी ती गोष्ट सांगायची आणि मुलांनी ऐकता ऐकता त्यातल्या वस्तू काढायच्या. कधी समोर साधं भांडं किंवा फूल ठेवून ते नीट बघायला लावायची. कधी व्हर्मीरसारख्या जुन्या चित्रकाराचं चित्र दाखवून, त्यात उजेड कुठं आहे आणि अंधार कुठं आहे ते कागदाच्या तुकड्यांतून मांडायला सांगायची.

काय काढायचं हे मात्र ती ठरवत नसे. छावणीची चित्रं काढा, असं सांगत नसे आणि काढू नका, असंही नाही. काही मुलांनी बाकांच्या रांगा, जेवणाची रांग, प्रेतयात्रा काढल्या. बऱ्याच मुलांनी मात्र घर, बाग, फुलपाखरं, सणाच्या दिवशी मांडलेलं टेबल, खिडकीतून दिसणारे डोंगर काढले.

या सगळ्यात तिचा एक नियम होता. चित्रावर स्वतःचं नाव लिहायचं.

छावणीत माणसाचा नंबर व्हायचा. गाडीचा नंबर, त्या गाडीतल्या माणसाचा नंबर. फ्रीडलच्या वर्गात मात्र प्रत्येक कागदाला एक नाव असायचं.

१९४३ च्या उन्हाळ्यात तिनं एका वसतिगृहाच्या तळघरात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. छावणीतल्या शिक्षकांसमोर मुलांच्या चित्रकलेवर व्याख्यानही दिलं. त्यात तिनं मांडलेला मुद्दा असा, की या वर्गांचा हेतू सगळ्या मुलांना चित्रकार बनवणं हा नाही. मुलांची कल्पनाशक्ती, स्वतःच्या डोळ्यांनी बघण्याची ताकद टिकून राहावी, हा आहे. मोठी माणसं मुलांना आपल्यासारखं करण्याची फार घाई करतात आणि त्यात मुलांजवळ असलेलं हिरावून घेतात, अशी तिची तक्रार होती.

लक्षात घ्या, हे व्याख्यान उपाशी माणसांच्या छावणीत चाललं होतं. पुढच्या गाडीत कुणाचं नाव असेल हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथंही फ्रीडल मुलांच्या वाढीबद्दल बोलत होती, जणू ती मोठी होणारच आहेत.

२८ सप्टेंबर १९४४ ला पावेलला गाडीत बसवून पुढं पाठवलं. फ्रीडलचं नाव त्या यादीत नव्हतं. तिनं स्वतःहून पुढच्या गाडीत नाव घालायला सांगितलं. सहा वर्षांपूर्वी एकटीचा व्हिसा नाकारणारी बाई आताही मागं थांबायला तयार नव्हती.

६ ऑक्टोबरला ती गाडी ऑशविट्झकडं निघाली. तिचे काही विद्यार्थीही त्यात होते. ९ ऑक्टोबर १९४४ ला फ्रीडलला तिथं मारण्यात आलं. ती ४६ वर्षांची होती.

पावेल मात्र युद्धातून वाचला.

पण तेरेझीनमध्ये दोन सुटकेस राहिल्या होत्या. त्यात होती मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं. जपून लपवून ठेवलेली. युद्ध संपल्यावर मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख विली ग्रोआग यांनी त्या सुटकेस प्रागच्या ज्यू समाजाच्या कार्यालयात पोचवल्या. आज ती चित्रं प्रागच्या ज्यू म्युझियमकडं आहेत.

आणि एडिथ क्रेमर? ती १९३८ मध्ये अमेरिकेला पोचली होती. फ्रीडलसोबत प्रागमध्ये पाहिलेलं काम तिनं न्यूयॉर्कमध्ये पुढं नेलं. मनानं दुखावलेल्या मुलांना चित्रांच्या मदतीनं सावरण्याची पद्धत, म्हणजे आजची आर्ट थेरपी, उभी करणाऱ्या पहिल्या पिढीत तिचं नाव घेतलं जातं.

प्रागमध्ये पिंकास सिनेगॉग नावाचं जुनं प्रार्थनास्थळ आहे. त्याच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळपास ८० हजार चेक ज्यूंची नावं लिहिलेली आहेत. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या मुलांची चित्रं आहेत. ती काढणाऱ्या मुलांपैकी बहुतेक वाचली नाहीत. अनेकांचा ना फोटो उरला, ना वही, ना त्यांची आठवण सांगणारं घरातलं कुणी.

उरलाय तो एखाद्या सरकारी फॉर्मच्या मागं काढलेला डोंगर, घर किंवा फुलपाखरू आणि कोपऱ्यात मुलाच्या अक्षरातलं नाव. कारण बाईंनी लिहायला सांगितलं होतं.